मदत हवी आहे: फझी टॉप्सिसमध्ये नवा पर्याय आला की क्रम उलटतो

मंडळी, डेटाबेस निवडण्यासाठी फझी टॉप्सिस वापरतोय, म्हणजे आदर्श पर्यायाच्या किती जवळ आणि सर्वांत वाईटापासून किती दूर हे धूसर मतांवरून मोजून पर्यायांचा क्रम लावायची पद्धत. वेग, सुरक्षितता, खर्च हे निकष. तज्ज्ञांची मतं 'बरं', 'चांगलं', 'उत्तम' अशी शब्दांत आहेत आणि प्रत्येक शब्दाला एक त्रिकोणी फझी संख्या (किमान, सर्वांत शक्य आणि कमाल अशी तीन मूल्यं) दिली आहे. उदाहरणार्थ, 'चांगलं' म्हणजे (५, ७, ९). टेबलात त्यासाठी तीन कॉलम केलेत, साठवणुकीचा प्रश्न नाही.

घोळ क्रमवारीत आहे. खूप स्वस्त पण बाकी सगळ्यात सुमार असा पर्याय यादीत घातला, की वरचे दोघे जागा बदलतात! खर्चाचं नॉर्मलायझेशन (आकडे ० ते १ च्या मापात आणणं) यादीतल्या किमान आकड्यावर होतं. तो आकडा खाली गेला की बाकीच्यांचे खर्चाचे गुण आक्रसतात आणि त्यांच्यातला फरकही. इथवर कळतंय.

मग किमान-कमाल मर्यादा यादीबाहेरून, आधीच ठरवून टाकल्या तर चालेल का? त्या ठरवायच्या कशाच्या आधारे? परीक्षक नक्की विचारणार.

दुसरा मार्ग बेलमन आणि झादे यांचा, १९७० चा: प्रत्येक पर्यायाचं सगळ्या निकषांतलं किमान सदस्यत्व (तो निकषात किती बसतो, ० ते १) घ्यायचं आणि ते ज्याचं सर्वाधिक तो निवडायचा. तिथे मर्यादा ठरलेल्या असतील तर क्रम ढळत नाही, पण एका निकषात मागे पडलेला चांगला पर्याय थेट बाद होतो. मला ते जाचक वाटतं. प्रत्यक्ष कामात कुणी काय वापरलंय?