मदत हवी आहे: रुंद टीव्हीसाठी फोटोंची डीव्हीडी
आईबाबांच्या लग्नाला 50 वर्षं होतायत म्हणून जुने अल्बम स्कॅन करून स्लाइडशो केलाय, पण डीव्हीडी टीव्हीवर लावली की सगळे चेहरे आडवे पसरतात, आजी तर ओळखूच येत नाही. फोटोंचं रुंदी-उंचीचं प्रमाण 4:3, टीव्हीचं 16:9. पॅल (आपल्याकडची टीव्ही पद्धत) डीव्हीडीची फ्रेम दोन्ही प्रमाणांना 720 बाय 576 पिक्सेलचीच असते, फरक फक्त सेटिंगचा, एवढं कळलंय. मग फोटो आधी 1024 बाय 576 च्या काळ्या फ्रेमवर बसवून घ्यायचे का, की सॉफ्टवेअर स्वतः बाजूला पट्ट्या टाकतं? शिवाय टीव्ही कडा खातो, ग्रुप फोटोत टोकाला उभे असलेले काका अर्धेच दिसतात, तर कडेला किती जागा सोडू? फोटो अजिबात कापायचे नाहीयेत. कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, कार्यक्रम पुढच्या रविवारी आहे.