मदत हवी आहे : वर्गात वाळूची टेकडी तयार होताना कशी दाखवावी?

सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत मी भूगोल शिकवतो. नववीच्या मुलांना परिपाठात वाळूच्या टेकड्यांवरून दोन गोष्टी सांगायच्या आहेत : वाऱ्याला अडथळा येतो तिथेच पुष्कळदा वाळू साचू लागते, आणि वाऱ्याच्या आडोशाचा उतार सुमारे ३४ अंशांपलीकडे चढला की तो आपोआप घसरतो. पुराव्याआधी उपदेश करणे मला पटत नाही, म्हणून ही क्रिया मुलांना प्रत्यक्ष दाखवायची आहे.

पत्र्याच्या परातीत भीमेची वाळू पसरून, मध्ये खडा ठेवून टेबल फॅन लावून पाहिला. जाड वाळू जागची हलत नाही. मैद्याच्या चाळणीने चाळलेली हलते, पण खड्यामागे नुसती शेपटी उमटते आणि उरलेली वाळू फरशीवर जाते. वाऱ्याच्या दिशेने शिंगे असलेली चंद्रकोर, म्हणजे बारखाण, काही होत नाही. हवेतील बारखाण काही मीटरांहून लहान टिकत नाही, पाण्याखाली मात्र ती काही सेंटिमीटरांचीही होते. त्यामुळे आता पाण्यात करून पाहण्याचा विचार आहे.

शाळेत माशांची एक जुनी काचेची टाकी आहे. खर्च बेताचा हवा, आणि उन्हाळ्यात पाण्याची ओढ असल्याने तेच पाणी फिरवावे लागेल. चित्रफीत दाखवण्याचा पर्याय मला ठाऊक आहे, तो नको.

टाकीत एकाच दिशेने संथ प्रवाह राहावा यासाठी कूलरचा पंप पुरेल का, आणि वाळूचा कण साधारण किती बारीक घ्यावा?