राज्यपाल झाल्यावर पुन्हा मंत्री होता येतं का?

फोंड्यात सकाळी पातळभाजी-पाव खाताना भावोजींशी पैज लागली. ते म्हणतात, राज्यपाल झाला की राजकारण संपलं, राजभवनातून थेट घरी. खरं?

उत्तर १: पैज तुम्हीच जिंकलात. सुशीलकुमार शिंदे बघा. सोलापूरच्या कोर्टात नोकरी, मग फौजदार, २००३ला मुख्यमंत्री. २००४ला आंध्रचे राज्यपाल आणि २००६ला केंद्रात ऊर्जामंत्री! ३१ जुलै २०१२ला उत्तर, पूर्व, ईशान्य असे तिन्ही ग्रिड कोसळले, त्याच दिवशी साहेबांना गृहखातं. (आमच्याकडे पावसात वीज गेली की मला हेच आठवतं.)

उत्तर २: खासदार नसतानाही शपथ घेता येते, सहा महिन्यांत निवडून आलं पाहिजे. एस. एम. कृष्णांनी २००८ला मुंबईचं राजभवन सोडलं, २००९ला परराष्ट्रमंत्री.

प्रश्नकर्ता: देव बरें करूं! भावोजी आता म्हणतात, बिल अर्धं-अर्धं.