शटडाऊनमध्ये तुमचं नेमकं काय अडलं? अनुभव लिहा

१ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५. त्रेचाळीस दिवस अमेरिकेचं केंद्र सरकार अर्धंमुर्धं बंद होतं, तोवरचं सगळ्यात लांबलेलं शटडाऊन. पुण्याहून सासूबाईंचा फोन, "अगं, सरकार पडलं का तुमचं?" पडलं नव्हतं. आपल्याकडे अर्थसंकल्प वेळेत मंजूर झाला नाही तर लेखानुदान घेऊन गाडं चालू ठेवतात. इथे १ ऑक्टोबरला आर्थिक वर्ष सुरू होतं, आणि तोवर काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, खर्चाची विधेयकं मंजूर केली नाहीत तर सरकारी खात्यांना पैसा खर्च करायला कायद्यानेच बंदी आहे. मग ज्यांचं काम अत्यावश्यक ते बिनपगारी कामावर, बाकीचे फर्लोवर, म्हणजे सक्तीने घरी.

माझा नवरा फर्लोवर होता. आम्ही नॉर्दर्न व्हर्जिनियात राहतो, आमच्या गल्लीत निम्मी घरं सरकारी पगारावर चालतात. ऑक्टोबरच्या मध्याला अर्धवट पगार आला. त्यानंतरच्या पे-स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर, हातात येणारी रक्कम शून्य. तो आकडा मी फोनवर कितीदा उघडून बघितला असेल! त्यातच दिवाळी आली. चकल्या-चिवडा केला, लेकीला नवा ड्रेस घेतला नाही. तिच्या कथकच्या बाईंना "फी पुढच्या महिन्यात देते" म्हणताना माझा आवाज लागेना. त्यांनी मला वाक्य पूर्णही करू दिलं नाही, लेकीला आत घेतलं.

पगार मागाहून मिळाला, २०१९च्या कायद्याने तो मिळतोच. पण मधले दिवस कसे गेले हे कुठे लिहिलेलं दिसत नाही. तुमचं कुठलं काम अडलं, कोणी हात दिला, ते लिहा. २०१३च्या आणि २०१८-१९च्या शटडाऊनचे अनुभवही चालतील.

डॅलसहून

माझा सरकारशी काहीच संबंध नाही असं मी समजत होतो. २२ सप्टेंबरला नोकरी गेली. एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असलेल्यांना ठाऊक आहे, तिथून साठ दिवस: तेवढ्यात दुसऱ्या नोकरीचा अर्ज जायला हवा, नाहीतर परत. मला आठवड्याभरात दुसरी ऑफर मिळाली आणि १ ऑक्टोबरला शटडाऊन लागलं. एच-वनचा अर्ज करायचा तर आधी कामगार खात्याचं एलसीए, म्हणजे नव्या नोकरीच्या पगार-अटींचा कागद, मंजूर व्हावं लागतं, आणि ते पोर्टलच बंद. गंमत बघा म्हणावी तर गंमत नाही: इमिग्रेशनचं ऑफिस अर्जांच्या फीवर चालतं म्हणून उघडं, आणि त्याला लागणारा कागद देणारा विभाग काँग्रेसच्या पैशावर म्हणून बंद. वकील रोज एकच उत्तर द्यायची, "थांबायचं."

बायकोने फ्रिजवर कॅलेंडर लावलं होतं, रोज रात्री एक चौकट खोडायची. मुलाने विचारलं हे कशाचं आहे, तर ती म्हणाली शाळेच्या सुट्टीचं. ऑक्टोबरअखेर पोर्टल सुरू झालं, एलसीए १३ नोव्हेंबरला हातात आलं, अर्ज १९ला पोचला. साठावा दिवस २१ तारखेला होता. सामानाची यादी आम्ही करून ठेवली होती: काय विकायचं, काय नेता येईल. ती यादी अजून माझ्या फोनमध्ये आहे.

इंडियानापोलिसहून

आई-बाबा सहा महिने राहून परत निघाले होते. ७ नोव्हेंबरपासून ४० मोठ्या विमानतळांवरची उड्डाणं कमी करायचा आदेश निघाला, कारण बिनपगारी राबणारे एअर ट्रॅफिक कंट्रोलर कमी पडत होते. आदल्या रात्री शिकागोपर्यंतचं विमान रद्द झाल्याचा मेसेज आला. पुढचं आंतरराष्ट्रीय विमान मात्र वेळेवर. पहाटे तीनला गाडी काढली. बाबांच्या मांडीवर औषधांची पिशवी, आईच्या हातात विठ्ठलाचा फोटो, तिने तो सामानात टाकू दिला नाही.

सुरक्षा तपासणीला रांग लांब होती, पण तिथल्या एका बाईंनी बाबांची व्हीलचेअर स्वतः ढकलत नेली, त्यांचे बूट पुन्हा पायात घालून दिले. मी आईला सांगितलं, यांना महिनाभर पगार नाही. आईने पिशवीतून बेसनाच्या लाडवांचा डबा काढला. त्या बाई म्हणाल्या, घेता येत नाही, नियम आहे. आई तशीच डबा पुढे धरून उभी राहिली, रांग पुढे सरकली तरी. घरी पोचल्यावर तिने पहिला प्रश्न हाच विचारला, "त्या पोरीचा पगार झाला का?"

कॅलिफोर्नियाहून, २०१३

ऑक्टोबर २०१३. काका-काकू आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आले होते, काकांना ग्रँड कॅन्यन बघायचं होतं. राष्ट्रीय उद्यानं बंद. ॲरिझोना राज्याने स्वतःच्या पैशाने ते उघडलं तोवर त्यांची तिकिटं परतीची होती. काका आता नाहीत.

वॉशिंग्टन डीसीहून, २०१८-१९

तेव्हा माझं जेवणाचं छोटं दुकान होतं. डाळ-भात, कढी, दोन भाज्या, शुक्रवारी मिसळ. गिऱ्हाईक सगळं आसपासच्या सरकारी इमारतींतलं. २२ डिसेंबर २०१८ला शटडाऊन लागलं, मला वाटलं नाताळच आहे, आठवडाभर जाईल. पस्तीस दिवस गेले. जानेवारीत दुपारी बाराला रस्ता असा रिकामा मी कधी पाहिला नव्हता. रोज शंभराच्या वर ताटं जायची, ती वीसवर आली. भाडं तेवढंच.

पेनसिल्व्हेनिया ॲव्हेन्यूवर शेफ जोसे आंद्रेस यांच्या वर्ल्ड सेंट्रल किचन या संस्थेने सरकारी नोकरांसाठी मोफत जेवण सुरू केलं. एक दिवस मी तिथून जात होतो, तर रांगेत माझी नेहमीची गिऱ्हाइकं. एक गृहस्थ, रोज कढी जास्त मागणारे, त्यांनी मला बघून मान वळवली. मीही बघितलं नाही असं केलं. दुसऱ्या दिवसापासून दारावर पाटी लावली: सरकारी ओळखपत्र दाखवा, पैसे पगार झाल्यावर द्या. वहीत नावं लिहिली. फेब्रुवारीत बहुतेकांनी येऊन दिले, त्या गृहस्थांनी सगळ्यांत आधी.

पण दोन गोष्टी सांगायच्याच आहेत. इमारतींत साफसफाई करणारे, कँटीनमध्ये भांडी घासणारे काँट्रॅक्टरचे नोकर असतात. त्यांना बॅकपे, म्हणजे बुडलेल्या दिवसांचा पगार, मिळाला नाही. साहेब लोकांना मिळाला, त्यांना नाही. आणि माझ्याकडची दोन मुलं, मी त्यांना ठेवू शकलो नाही. जानेवारीत न झालेली जेवणं कोणी फेब्रुवारीत दोनदा जेवत नाही.

ओहायोहून

नोव्हेंबर २०२५मध्ये स्नॅपचे, म्हणजे गरजूंना किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीचे, पैसे अडले. देशभरात तेव्हा सव्वाचार कोटींच्या आसपास लोक त्यावर धान्य-किराणा घेत होते. मी शनिवारी फूड पँट्रीत, म्हणजे मोफत धान्य देणाऱ्या केंद्रात, वाटपाला जाते. त्या शनिवारी दहाला दार उघडायच्या आधीच रांग वळसा घालून मागच्या गल्लीत गेली होती. एक आजोबा टोमॅटोचे डबे परत ठेवत होते. म्हटलं, न्या की. म्हणाले, मोटेलात राहतो, ओपनर नाही. तेव्हापासून मी कडीवाले डबेच विकत घेऊन देते. तुम्ही देत असाल तर तुम्हीही तेच द्या.

पेनसिल्व्हेनियाहून

मी एका काँग्रेस सदस्याच्या मतदारसंघातल्या ऑफिसात केसवर्कर आहे. मराठी लोक आमच्याकडे फार कमी येतात, म्हणून लिहिते: कुठल्याही केंद्रीय खात्यात काम अडलं असेल तर तुमच्या भागातल्या खासदाराच्या ऑफिसला फोन करा. मत दिलंत का, नागरिक आहात का, हे आम्ही विचारत नाही. एक संमतीपत्र भरून घेतो आणि खात्याकडे विचारणा करतो.

शटडाऊनमध्ये फोन चालूच होते. टपाल, सोशल सिक्युरिटीचे (पेन्शनचे) पैसे, मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा) चालू होतं, हे सांगण्यातच अर्धा दिवस जायचा. आमचाही ऑक्टोबरअखेरचा पगार आला नाही. पण त्रास त्याचा नव्हता. आम्ही ज्यांना विचारतो ती माणसंच घरी बसलेली. माजी सैनिकांच्या शिक्षणासाठी जीआय बिल आहे, त्याची हेल्पलाइन बंद होती. सैन्यातून आलेला एक मुलगा, घरातला कॉलेजला जाणारा पहिला, त्याच्या कागदात एक चूक होती आणि फी थकली होती. तो दर सोमवारी नऊला फोन करायचा. मी दर सोमवारी "अजून नाही" म्हणायचे. तो दरवेळी आभार मानायचा.

१३ नोव्हेंबरला खात्यातून माणूस बोलला. पंधरा मिनिटांत चूक दुरुस्त झाली. मी लगेच त्याला फोन लावला. तो गोदामात कामावर होता, मागून यंत्रांचा आवाज येत होता. म्हणाला, "थँक यू मॅडम. पण मी गेल्या आठवड्यातच कॉलेजमधून नाव काढून घेतलं."