२००९ नंतर प्रोग्रेसिव्ह रॉक ऐकणे सुटले होते; नव्या अल्बमपैकी कोठून सुरुवात करावी?

मूळ प्रश्न

नमस्कार. विशीत असताना येस, जेनेसिस, किंग क्रिम्सन आणि जेथ्रो टल या प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे दीर्घ आणि गुंतागुंतीच्या रचनांचे रॉक संगीत, करणाऱ्या बँडचे अल्बम मी अक्षरशः पारायणे केल्यासारखे ऐकले. तेथून पुढे पॉर्क्युपाइन ट्री आणि ड्रीम थिएटरपर्यंत आलो आणि २००९ च्या सुमारास, नोकरीच्या व्यापात, हे सगळे हळूहळू सुटले. आता रात्रीचा तासभर पुन्हा माझा स्वतःचा झाला आहे. हेडफोन लावून, दिवा मालवून, एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावा एवढीच इच्छा आहे.

गेल्या महिन्यात मी दहा-बारा नव्या बँडचे एकेक गाणे ऐकून पाहिले, परंतु त्यातून काहीच हाती लागले नाही. वादन सगळ्यांचेच तयारीचे आहे. ७ मात्रांचे काय नि ११ मात्रांचे काय, सगळे ठेके लीलया पेलले जातात, पण गाणे संपल्यावर मनात सूर रेंगाळत नाही. मला दीर्घ रचना आवडतात. सुरुवातीला येऊन गेलेली एखादी छोटी धून वीस मिनिटांनी वेगळ्या रूपात परत भेटते, तेव्हा जे वाटते त्यासाठीच मी हे संगीत ऐकतो. घोगऱ्या, गुरगुरत्या आवाजातील गायकी, म्हणजे ग्राउल, मला आजवर कधी मानवलेली नाही. गेल्या दोन-तीन वर्षांतील अल्बमपैकी आपण मला काय सुचवाल, आणि ते का, हे कृपया सविस्तर लिहावे.

पहिला प्रतिसाद

सर्वप्रथम, एकेका बँडचे एकेक गाणे ऐकण्याची पद्धत आपण सोडून द्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. आपल्याला जे हवे आहे, ती धून परत भेटण्याची गोष्ट, ती सुट्या गाण्यात सापडणारच नाही, कारण तिला जागा लागते.

आपण पॉर्क्युपाइन ट्री ऐकले आहे, म्हणून त्याच बँडचे गायक-गिटारवादक स्टीव्हन विल्सन यांच्या ‘द ओव्हरव्ह्यू’ने सुरुवात करावी. हा अल्बम मार्च २०२५ मध्ये आला. त्यात दोनच रचना आहेत: पहिली ‘ऑब्जेक्ट्स आउटलिव्ह अस’, जी २३ मिनिटांहून अधिक आहे, आणि दुसरी शीर्षकरचना, जी १८ मिनिटांहून अधिक आहे. अंतराळातून पृथ्वीकडे पाहिल्यावर अंतराळवीरांच्या दृष्टीत जो पालट होतो, त्याला फ्रँक व्हाइट यांनी १९८७ साली ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’ असे नाव दिले. अल्बमचा विषय तोच आहे. पहिल्या रचनेतील एका भागाचे शब्द एक्सटीसी या बँडच्या अँडी पार्ट्रिज यांनी लिहिले आहेत. त्यात रोजच्या जगण्यातील लहानसहान प्रसंग आणि त्याच वेळी विश्वात कोठेतरी घडणाऱ्या प्रचंड घडामोडी शेजारीशेजारी ठेवलेल्या आहेत. मला त्या ओळी फार जवळच्या वाटतात, कारण विश्वाच्या पसाऱ्यापुढे माणूस क्षुद्र आहे एवढेच सांगून त्या थांबत नाहीत; त्या माणसाचे ते क्षुद्र दुःखही तितक्याच आस्थेने पाहतात. याच रचनेच्या उत्तरार्धात रँडी मॅकस्टाइन यांचा जो गिटार सोलो येतो, तो घाईने ऐकू नये.

आणखी एक कारण आहे. किंग क्रिम्सन, येस, जेथ्रो टल आणि जेंटल जायंट यांच्या जुन्या अल्बमचे नव्याने मिक्सिंग, म्हणजे सुट्या ध्वनिमुद्रित वाद्यांचे आणि आवाजांचे पुन्हा संतुलन साधणे, विल्सन यांनीच केलेले आहे. ज्या संगीतावर आपला कान घडला, त्याच संगीताच्या मूळ ध्वनिफितींमध्ये हा माणूस वर्षानुवर्षे बुडालेला होता, आणि ते या अल्बममधील प्रत्येक वाद्याच्या जागेवरून कळते.

दुसरा प्रतिसाद

वरील शिफारस उत्तम आहे, तरीही पहिला अल्बम म्हणून ती मला योग्य वाटत नाही. ‘द ओव्हरव्ह्यू’ मनात भरतो, परंतु तो दुरून पाहणारा अल्बम आहे, आणि त्याचा विषयच तसा आहे. इतक्या वर्षांनी परतणाऱ्या श्रोत्याला आधी ऊब हवी.

बिग बिग ट्रेन या इंग्लिश बँडचा ‘द लाइक्स ऑफ अस’ ऐका. हा मार्च २०२४ चा अल्बम आहे. त्याची पार्श्वभूमी ठाऊक असावी म्हणून थोडे सांगतो. या बँडचे गायक डेव्हिड लाँगडन यांचे नोव्हेंबर २०२१ मध्ये आकस्मिक निधन झाले. ज्यांच्या आवाजावर बँडची ओळख उभी होती, तेच गेल्यावर बँड थांबला असता तरी कोणी दोष दिला नसता. त्यांच्या जागी इटलीचे अल्बेर्तो ब्राव्हिन आले आणि त्यांच्यासह केलेला हा पहिला पूर्ण अल्बम. ब्राव्हिन कोठेही लाँगडन यांची नक्कल करत नाहीत. त्यांचा आवाज अधिक उजळ आहे, आणि बँडने रचनाही त्या आवाजाला शोभतील अशाच बांधल्या आहेत, हे मला विशेष मोलाचे वाटते.

आपल्याला हवी असलेली दीर्घ रचना येथे ‘बिनीथ द मास्ट्स’ ही आहे, सुमारे १७ मिनिटांची. पण मी तिच्याआधी ‘मिरामारे’ ऐकण्यास सांगेन. मिरामारे हा इटलीतील त्रिएस्त शहराजवळ समुद्रकाठी उभा असलेला किल्लेवजा महाल आहे. ऑस्ट्रियाचे आर्चड्यूक मॅक्सिमिलियन यांनी तो बांधून घेतला, पुढे ते मेक्सिकोचे सम्राट झाले आणि १८६७ मध्ये तेथेच त्यांना गोळ्या घालून मृत्युदंड देण्यात आला. त्यांच्या पत्नी कार्लोटा यांचे मन त्या काळात ढासळले ते कायमचेच. दहा मिनिटांच्या गाण्यात ही सगळी कहाणी येते आणि तरीही कोठे इतिहासाचा तास बसल्यासारखे वाटत नाही. या बँडमध्ये व्हायोलिन आहे, पितळी वाद्ये आहेत आणि अनेक आवाजांचे एकत्र गायन आहे, त्यामुळे जेनेसिसचा चाहता येथे लगेच रुळतो.

तिसरा प्रतिसाद

आपण २००९ ला थांबलात म्हणून एक योगायोग लक्षात आणून देतो. ड्रीम थिएटरचा ‘ब्लॅक क्लाउड्स अँड सिल्व्हर लायनिंग्ज’ त्याच वर्षीचा. त्यानंतर २०१० मध्ये ड्रमवादक माइक पोर्टनॉय बाहेर पडले, ऑक्टोबर २०२३ मध्ये ते परतल्याचे जाहीर झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘पॅरासॉम्निया’ आला. म्हणजे आपण जेथे सोडले, नेमके तेथूनच बँडने पुढे सुरुवात केली आहे, असे म्हणता येईल.

अल्बम झोपेतील विकारांवर आहे: रात्रीची भीती, झोपेत चालणे, अंगावर सावली बसल्याचा भास. एकूण लांबी सुमारे ७१ मिनिटे आहे. मी पोर्टनॉय यांच्या पुनरागमनाने मनापासून आनंदलेला श्रोता आहे, तरीही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की मधली काही गाणी जुन्याच साच्यातून निघालेली वाटतात आणि आपली ‘सूर रेंगाळत नाही’ ही तक्रार तेथे पुन्हा उद्भवू शकते. मात्र ‘बेंड द क्लॉक’ हे संथ गाणे आणि त्यानंतरची, १९ मिनिटांहून मोठी ‘द शॅडो मॅन इन्सिडंट’ ही शेवटची रचना, ही जोडी सलग ऐकावी. ‘बेंड द क्लॉक’च्या अखेरीस गिटारवादक जॉन पेट्रूची यांनी वाजवलेला सोलो वेगासाठी नाही, स्वरांसाठी वाजवलेला आहे.

चौथा प्रतिसाद

ग्राउल मानवत नाही असे आपण लिहिले आहे आणि त्याचा पूर्ण आदर ठेवून मी स्वीडनच्या ओपेथ या मेटल बँडचा ‘द लास्ट विल अँड टेस्टामेंट’ सुचवतो आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या अल्बममध्ये, २००८ च्या ‘वॉटरशेड’नंतर प्रथमच, बँडचे गायक मिकाएल ओकरफेल्ट यांनी ग्राउलचा वापर केला आहे. पण तो कशासाठी केला आहे ते पाहावे.

पहिल्या महायुद्धानंतरचा काळ आहे. एका धनाढ्य कुटुंबप्रमुखाच्या मृत्यूनंतर त्याच्या मृत्युपत्राचे वाचन सुरू आहे आणि वारस समोर बसलेले आहेत. पहिल्या सात गाण्यांना नावेच नाहीत. मृत्युपत्रात जशी कलमे असतात, तसे कलमाचे चिन्ह आणि क्रमांक एवढेच आहे. या वाचनात गेलेल्या माणसाचा दरारा, त्याचा राग, त्याने लपवून ठेवलेले सारे बाहेर येते, आणि ग्राउल तेथे आला की तो त्या म्हाताऱ्याचाच आवाज वाटतो. अल्बममधील निवेदनासाठी आणि बासरीसाठी जेथ्रो टलचे इयन अँडरसन आले आहेत, हे आपल्याला वेगळे सांगायला नकोच. आठवे गाणे ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’ हे मात्र नाव असलेले आणि पूर्णपणे स्वच्छ गळ्याने गायलेले आहे. वाचन संपले, माणसे उठून गेली आणि त्यानंतर एक पत्र येते, अशी त्याची जागा आहे. त्या पत्रात काय आहे ते मी लिहिणार नाही.

गाण्याचे शब्द समोर ठेवून ऐकावे, एवढी एकच विनंती. शब्द दिसत असले की ग्राउल हा गोंगाट राहत नाही, त्याला उच्चार आहेत हे कळू लागते.

धागाकर्ता

आपणा सर्वांचे आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लावले, कारण प्रत्येक अल्बम किमान दोनदा ऐकल्याशिवाय काही लिहू नये असे ठरवले होते.

‘द लाइक्स ऑफ अस’ने सुरुवात केली आणि तो निर्णय योग्य ठरला. ‘मिरामारे’ तिसऱ्यांदा ऐकताना मी त्या महालाची छायाचित्रे पाहत होतो. खडकावरची ती पांढरी वास्तू आणि खाली पाणी. कार्लोटा यांच्याविषयी जे वाचले त्यानंतर ते गाणे माझ्यासाठी निराळेच झाले.

‘द ओव्हरव्ह्यू’बद्दल मात्र मी दुसऱ्या प्रतिसादाशी सहमत नाही, तो मला दूरचा वाटला नाही. शीर्षकरचनेच्या सुरुवातीला एक स्त्री शांतपणे, कसलाही आविर्भाव न आणता, खगोलातील वस्तूंची नावे आणि दहाच्या घातांत त्यांची मापे वाचत जाते. घातांक वाढत जातो, आवाज तेवढाच राहतो. अंधारात हेडफोनमध्ये ते ऐकताना मी श्वास रोखून धरला होता हे मला नंतर लक्षात आले. शेवटी थिओ ट्रॅव्हिस यांचा सॅक्सोफोन येतो आणि सगळे विरून जाते. त्यानंतर मला बराच वेळ दुसरे काही लावावेसे वाटले नाही.

‘पॅरासॉम्निया’ची ती जोडी आवडली, बाकीचा अल्बम पुन्हा ऐकेन असे वाटत नाही. ओपेथबाबत सांगायचे तर पहिल्या दिवशी दुसऱ्या कलमालाच थांबलो. दुसऱ्या दिवशी शब्द समोर ठेवून पूर्ण ऐकला. ग्राउल मला अजूनही आवडत नाही, पण तो तेथे का आहे हे पटले, आणि ‘अ स्टोरी नेव्हर टोल्ड’ सुरू झाले तेव्हा मिळालेला विसावा त्या आधीच्या कठोरपणाशिवाय मिळाला नसता.

यापुढे काय ऐकावे? आणि जेनेसिसचे जुने गायक पीटर गॅब्रिएल यांचा ‘आय/ओ’ घेतला तर त्यात तीच गाणी दोनदा का आहेत, हेही कोणी सांगावे.

पाचवा प्रतिसाद

आपली आवड आता स्पष्ट दिसते आहे, म्हणून थेट लिहितो. आयक्यू या बँडचा ‘डोमिनियन’ ऐका. १९८१ पासूनचा हा इंग्लिश बँड. अल्बम मार्च २०२५ चा. पहिलीच रचना ‘द अननोन डोअर’ सुमारे २२ मिनिटांची आहे. कीबोर्डचे विस्तीर्ण पडदे, पीटर निकल्स यांचा किंचित थकलेला पण नेमका आवाज, आणि कोठेही घाई नाही. आजच्या अनेक बँडना वीस मिनिटांची रचना म्हणजे पाच गाणी शिवून लावणे वाटते. या लोकांना शिवण दिसू न देण्याची कला साधलेली आहे.

त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या कॅलिग्युलाज हॉर्सचा ‘चारकोल ग्रेस’, जानेवारी २०२४ चा. त्यातील शीर्षकरचना चार भागांत सुमारे २४ मिनिटांची आहे. गिटार जड आहेत, पण जिम ग्रे यांची गायकी अतिशय कोमल आणि स्वच्छ आहे, ग्राउलची चिंता नको. जेथ्रो टलचा ‘क्युरिअस रुमिनंट’ही मार्च २०२५ मध्येच आला. अँडरसन यांचा गळा आता पूर्वीइतका वर जात नाही, बासरी मात्र अजून तरुण आहे. त्यातील १६ मिनिटांहून मोठे ‘ड्रिंक फ्रॉम द सेम वेल’ तेवढे नक्की ऐका.

दुसरा प्रतिसाद देणारा

‘आय/ओ’विषयी मी सांगतो. २००२ च्या ‘अप’नंतर गॅब्रिएल यांनी नव्या रचनांचा आणलेला हा पहिला अल्बम. २०२३ च्या प्रत्येक पौर्णिमेला एकेक गाणे प्रसिद्ध करत त्यांनी १ डिसेंबरला तो पूर्ण केला. गाणी १२ आहेत आणि प्रत्येकाची दोन मिक्स आहेत: ‘ब्राइट-साइड’ मार्क स्टेंट यांनी केलेले आणि ‘डार्क-साइड’ चॅड ब्लेक यांनी केलेले. रेकॉर्डिंग तेच, पण कोणते वाद्य पुढे आणायचे आणि कोणते सावलीत ठेवायचे याचा निर्णय वेगळा. दोन्ही एकापाठोपाठ ऐकू नयेत, कान गोंधळतो. आपण दिवा मालवून ऐकता, तेव्हा ‘डार्क-साइड’ आधी घ्यावे आणि दुसरे काही दिवसांनी सकाळी ऐकावे.

‘द ओव्हरव्ह्यू’मधील त्या मापांच्या वाचनाबद्दल आपण जे लिहिलेत, त्यामुळे तो भाग मी आज पुन्हा ऐकला. तो दूरचा आहे हे माझे मत मी मागे घेतो.