मदत हवी आहे: ८ टीबीची हार्ड डिस्क विंडोजला दिसतच नाही

निळीशाई
डेस्कटॉप, विंडोज ११. ८ टीबीची हार्ड डिस्क आत बसवली. डिस्क मॅनेजमेंटमध्ये नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये नाही, कुठेच नाही. केबल बदलून पाहिली, तेच. डिस्क उत्तम चालत होती, तेव्हा ती गेली असं कृपया सांगू नका. आत फोटो आहेत आणि ते आजच हवेत. झटपट उपाय सांगा.

पाचर
बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) दिसते का? चालू केल्यावर फिरते की गपगार? हात ठेवला तर थरथर जाणवते. टकटक आवाज येत असेल तर लगेच वीज काढा, मग पुढचं बोलू. कोणती केबल बदलली, डेटाची की पॉवरची? मदरबोर्डावर एम.२ एसएसडी (थेट बोर्डात बसणारी पट्टीसारखी डिस्क) आहे का? बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखाददुसरा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची डेटा केबल लागते तो) बंद पडतो. कोणता, ते मॅन्युअलमध्ये असतं.

उंबरठा
डिस्कवर राइट क्लिक करून इनिशियलाइझ करा. पार्टिशन टेबल (डिस्कच्या भागांची नोंद) जीपीटी प्रकारचं निवडा, जुनं एमबीआर नको; ५१२ बाइटच्या सेक्टरवर (डिस्क ज्या तुकड्यांत मोजतात तो) एमबीआरला २ टीबीच्या पुढचं मोजता येत नाही. मग नवं व्हॉल्यूम बनवा. पाच मिनिटांचं काम.

तारायंत्र
@उंबरठा, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ती नाहीच, तर राइट क्लिक कशावर करायचं? आणि आत फोटो आहेत. इनिशियलाइझ म्हणजे नवं पार्टिशन टेबल लिहिणं. त्यावर व्हॉल्यूम बनवून फॉरमॅट केलं की जुन्या फाइलींची यादीही जाते. डेटा हवा असलेल्या डिस्कवर हा सल्ला देऊ नका.

रात्रपाळी
लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट करा आणि कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग बघा. त्या पोर्टपुढे 'लिंक डाउन' असेल तर पलीकडून काहीच उत्तर नाही, म्हणजे पॉवर, केबल किंवा पोर्ट. 'लिंक अप' असून आयडेंटिफाय (डिस्कला तिची ओळख विचारणं) फसत असेल तर डिस्कचा बोर्ड जिवंत आहे, पण आतलं फर्मवेअर तयार होत नाही. हा फरक विंडोज सहसा दाखवत नाही.

पाचर
बायोसलाच दिसत नसेल तर लिनक्स काय करणार? आधी वीज बघा.

रात्रपाळी
बायोसने पोर्टकडे पाहिलं नाही म्हणजे डिस्क मेली असं होत नाही. काही डिस्क फिरायला वेळ घेतात, बायोस तेवढं थांबत नाही. कर्नल पुन्हा पुन्हा विचारतो.

कवडसा
विंडोज इन्स्टॉल करताना डिस्क दिसत नसेल तर बायोसमधला व्हीएमडी (इंटेलची डिस्क हाताळायची सोय) बंद करा, किंवा इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून 'लोड ड्रायव्हर'मधून द्या. ११व्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हे फार दिसतं. आधीपासून असलेल्या विंडोजवर मात्र व्हीएमडी बंद करू नका, बूटच होणार नाही.

तारायंत्र
@कवडसा, इथे विंडोज इन्स्टॉल करायचंच नाहीये.

निळीशाई
बायोसमध्ये नाही. आवाज नाही, थरथर नाही. बदलली ती डेटाची केबल. एम.२ आहे, पण दुसऱ्या पोर्टवरही तेच. त्याच दोन्ही केबलांवर जुनी २ टीबीची डिस्क लगेच दिसते. बाहेरच्या यूएसबी डबीत होती तेव्हा ही व्यवस्थित चालायची.

तारायंत्र
डबीतून काढली हे आधी सांगायला हवं होतं, सगळं त्यातच आहे. साटाच्या पॉवर कनेक्टरला १५ पिना. पहिल्या तीन मुळात ३.३ व्होल्टच्या, ज्या डिस्क क्वचितच वापरत. साटा ३.३ मध्ये तिसऱ्या पिनला नवं काम मिळालं, पॉवर डिसेबल: तिच्यावर व्होल्टेज आहे तोवर डिस्क बंद. डबीतला बोर्ड तिथे ३.३ व्होल्ट देत नाही म्हणून तिथे चालते. तुमचा एसएमपीएस (संगणकाला वीज देणारा डबा) देतो, म्हणून डिस्क ढिम्म. जुन्या डिस्कमध्ये ही सोय नाही, ती त्याच केबलवर फिरते.

उपाय: वीज बंद करून कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणारी पिवळसर टेप) ४ मिमी रुंद पट्टी डिस्कच्या पहिल्या तीन पिनांवर चिकटवा. पॉवर कनेक्टरचं जे टोक डेटा कनेक्टरला लागून आहे, तिथून मोजा. चौथी पिन ग्राउंडची, ती झाकू नका. वायरमनची काळी टेप नको, उष्णतेने तिचा गोंद वितळून सरकतो.

पाचर
निदान पटलं, टेप नाही पटत. कनेक्टर सरकवताना ती गोळा होते. त्यापेक्षा मोलेक्सवरून (एसएमपीएसच्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) साटा देणारा जोड घ्या. मोलेक्सला १२ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि दोन ग्राउंड एवढंच असतं, ३.३ येतच नाही.

तारायंत्र
त्यातले एकसंध प्लॅस्टिकमध्ये ओतलेले जोड आतल्या आत शॉर्ट होऊन पेटल्याची उदाहरणं आहेत. घ्यायचाच तर तारा वेगवेगळ्या दिसणारा, पिना दाबून (क्रिंप करून) बसवलेला घ्या.

उंबरठा
एखाद्या जुन्या मॉड्युलर (केबल सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची साटा केबल लावली तर? काहींमध्ये ३.३ची तार नसते.

पाचर
अजिबात नको! केबलचं डिस्ककडचं टोक प्रमाणित आहे, एसएमपीएसकडचं नाही. दुसऱ्या मॉडेलच्या केबलने ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जाऊ शकतात. नशीब असेल तर डिस्कच्या बोर्डावरचा संरक्षक डायोड जळून भागतं, नाहीतर पूर्ण बोर्ड जातो. नवा बोर्ड नुसता लावून चालत नाही, जुन्यावरची आठ पायांची रॉम चिप त्यावर न्यावी लागते, कारण त्या डिस्कची मापं तिच्यात असतात.

निळीशाई
टेप लावली. फिरली! बायोसमध्ये आली, डिस्क मॅनेजमेंटमध्येही आली. पण 'नॉट इनिशियलाइझ्ड' आणि सगळी जागा 'अनअलोकेटेड'. फोटो कुठायत? आता इनिशियलाइझ करू का?

तारायंत्र
नाही. ती खिडकी कॅन्सल करा. फोटो बहुतेक जागेवरच आहेत. कारणं दोन असू शकतात. काही डबींचा बोर्ड पासवर्ड न ठेवताही सगळं एन्क्रिप्ट करूनच लिहितो. तो मधून गेला की उरतात ते निरर्थक बाइट. दुसरं, काही बोर्ड ५१२ बाइटचा सेक्टर संगणकाला ४०९६चा म्हणून दाखवतात. मग जीपीटीचा मथळा ४०९६व्या बाइटवर असतो आणि विंडोज तो ५१२व्या बाइटवर शोधतं.

रात्रपाळी
दुसरं कारण असेल तर लिनक्समध्ये लॉसेटअप या कमांडला सेक्टर ४०९६ आणि रीड-ओन्ली सांगून डिस्क जोडा, पार्टिशन उघडेल. डिस्कवर एक बाइटही लिहिला जात नाही.

पाचर
आणि पहिलं असेल तर हा खटाटोप फुकट. तोच बोर्ड परत लावला की दोन्ही प्रश्न मिटतात. @निळीशाई, तो ठेवलाय का?

निळीशाई
डबीचं प्लॅस्टिक तुटलं. छोटा बोर्ड आणि त्याचा अ‍ॅडाप्टर आहे.

पाचर
तेवढं पुरे. टेप राहू द्या. डिस्क कोरड्या लाकडावर सपाट ठेवा, धातूवर नको, फिरत असताना हलवू नका. अ‍ॅडाप्टर तोच वापरा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून ५च येतात. दुसऱ्या डबीचा बोर्ड नको, एन्क्रिप्शन असेल तर तो उघडणार नाही.

निळीशाई
दिसले! सगळे फोल्डर आहेत. कॉपी लावली, पण ३५ एमबीच्या वर वेग जात नाही. सुमारे ४ टीबी आहे.

रात्रपाळी
तो यूएसबी २चा वेग आहे. या गतीने ३० तासांच्या वर जातील. कॉपी थांबवा, 'इजेक्ट' करा आणि यूएसबी ३च्या पोर्टमध्ये लावा, केबलही यूएसबी ३ची हवी. १५० एमबी मिळाले तर साडेसात तास. आज नाही, पण उद्या सकाळपर्यंत होईल.

उंबरठा
कॉपी झाल्यावर तरी डिस्क आत घेऊन जीपीटी करा.

तारायंत्र
हो, पण कॉपीतले मोठे फोल्डर उघडून पाहिल्यावरच. आणि त्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये (डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्रॅम) ०५ (बदललेले खराब सेक्टर) आणि सी५ (वाचायला अडणारे, संशयित सेक्टर) या ओळींचे कच्चे आकडे इथे टाका. सी५ शून्य नसेल तर त्या डिस्कवर एकुलती एक प्रत ठेवू नका.