बोअरचं पाणी, पीएच खाली राहतच नाही आणि निऑन मासे टिकत नाहीत – मदत हवी आहे

केळीबागवाला

राम राम मंडळी. मी यावल तालुक्यातला. घरी माशांची तीन फुटी टाकी आहे, पाणी साधारण शंभर लिटर बसतं, मागे लटकवायचा फिल्टर, तळाला तापीची रेती चाळून धुवून टाकलीय, झाडं म्हणाल तर वॅलिस्नेरिया आणि जावा फर्न. मासे गप्पी, मॉली आणि पोरीच्या हट्टापायी निऑन टेट्रा. गप्पी-मॉली एकदम मजेत, पिल्लं इतकी की आता शेजारीपण नको म्हणतात. निऑनचं मात्र काही खरं नाही, आणले की चार-सहा दिवस बरे फिरतात मग रंग उतरतो, कोपऱ्यात जाऊन बसतात आणि एकेक करून जातात.

पाणी बोअरचं, आणि आमच्याकडच्या बोअरचं पाणी कसं आहे ते इथल्या लोकांना सांगायला नको, त्यात तूरडाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, कूलरच्या गवताच्या जाळ्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या दगडासारख्या होतात. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचं पेन 850 दाखवतं. पाणी तपासायचं थेंबवालं किट मागवलं त्यात जीएच म्हणजे एकूण हार्डनेस 22 आणि केएच म्हणजे कार्बोनेटचा हार्डनेस 16 आला. पीएचची गंमत अशी की नळातून ताजं पाणी घेतलं तर 7.4 आणि तेच पाणी बादलीत एअर पंप लावून रात्रभर ठेवलं की 8.3. टाकीतपण 8.3 च असतो.

दुकानदाराने पीएच डाउनची बाटली दिली, टाकली की दुपारी 7 आणि सकाळी बघावं तर परत 8 च्या वर, परत टाकलं तरी तेच, आणि वरून काचेवर हिरवं शेवाळं वाढायला लागलंय. तो म्हणतो डोस वाढवा. मला काही पटत नाही.

अजून एक, सध्या उन्हामुळे टाकीतलं पाणी रोज इतकं उडतं की वरून भर घालावीच लागते, ती बोअरच्याच पाण्याची घालतो. आता टाकीतला टीडीएस 1300 झालाय. घरात प्यायला आरओ आहे, त्याचं पाणी टाकू का? टाकलं तर किती? आणि पीएच आधी खाली आणू की हार्डनेस? रेतीचा काही संबंध असेल का? कोणी आपल्या भागातलं असेल तर सांगा, पुण्या-मुंबईवाले म्हणतात आमच्या नळाच्या पाण्यात सगळं जगतं, त्याचा मला काय उपयोग.

तापीकाठ

भाऊ, पहिले ती बाटली बंद करा. तुमचा केएच 16 आहे म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आहेत. तुम्ही आम्ल टाकता ते आधी हे बायकार्बोनेट खातात, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो, तो पाण्यात असेपर्यंत पीएच खाली दिसतो आणि रात्रीतून तो हवेत निघून गेला की पीएच होता तिथे परत. डोस वाढवला तर केएच संपेपर्यंत हेच चालेल आणि संपला की पीएच एकदम कोसळेल, मग गप्पीपण गेल्या समजा. शेवाळ्याचं म्हणाल तर काही पीएच डाउनमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, फॉस्फेट हे शेवाळ्याचं खत.

बादलीतला प्रकारही तोच आहे. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड दाबून विरघळलेला असतो, वर आलं, हवा लागली, तो उडाला, पीएच चढला. म्हणून बोअरच्या पाण्याचा पीएच नेहमी रात्रभर हवा मारूनच मोजायचा, नळाखालचा आकडा धरू नका.

पीएच एकट्याला धरून खाली ओढता येत नाही. केएच कमी करा, पीएच आपोआप येतो. आणि केएच कमी करायचा खात्रीचा रस्ता म्हणजे बिनक्षाराचं पाणी मिसळायचं. साधा हिशोब आहे, एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ घेतलं तर जीएच साडेपाच, केएच 4, टीडीएस अडीचशेच्या आत. निऑनला हे छान. नुसतं आरओ मात्र अजिबात भरू नका. फिल्टरमधले बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खात असतात, केएच शून्य असेल तर पीएच सहाच्या खाली जातो आणि त्या बॅक्टेरियांचं कामच मंदावतं.

आणि भर घालताना बोअरचं पाणी का घालता? वाफ होऊन फक्त पाणी जातं, क्षार तिथेच राहतात, तुम्ही वरून अजून क्षार घालता. 850 चे 1300 असेच झाले. भर घालायची ती आरओचीच, मिश्रण फक्त पाणी बदलताना.

गप्पीगोकुळ

पानीना तरास आठे बठासले शे भो (पाण्याचा त्रास इथे सगळ्यांनाच आहे भाऊ) 😄 मी भुसावळची. दादा, एवढी उठाठेव कशाला? तुमचं पाणी मॉली, गप्पी, प्लॅटी, स्वोर्डटेलला देवानेच दिलंय, ह्यांना जड पाणीच मानवतं. आफ्रिकन सिक्लिड मासे पाळा, मलावी सरोवरातले, रंग बघा त्यांचे, 8.3 पीएच म्हणजे त्यांचं माहेर. फक्त ते गप्पींसोबत ठेवू नका, खाऊन टाकतील. शंभर लिटर पाण्यासाठी पाऊणशे लिटर आरओ म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त पाणी मोरीत सोडणार तुम्ही, ते पण मे महिन्यात, आणि बोअर दरवर्षी खाली चाललेत. मला तर निऑनसाठी हे पटत नाही. ते वाया जाणारं पाणी फरशीला संडासाला वापरा, टाकीत नको, त्यात क्षार अजून जास्त असतात.

डिस्कसवेडा_धुळे

सगळे पीएचवर बोलताय पण तापमान कोणी विचारलंच नाही. टाकीत थर्मामीटर आहे का? निऑनला 22 ते 26 बरं, आपल्याकडे मे महिन्यात बाहेर 44-45 असताना साध्या खोलीतली टाकी 32-33 ला आरामात जाते. गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी मावतो. त्यात अमोनियाचा हिशोब असा की पीएच 7 ला 25 डिग्रीवर एकूण अमोनियाच्या एक टक्क्याहून कमी भाग विषारी असतो, पीएच 8 ला तोच पाच टक्क्यांच्या वर जातो आणि पाणी गरम असेल तर अजून जास्त. म्हणजे तुमच्या 8.3 आणि 33 डिग्रीत थोडा अमोनियासुद्धा भारी पडतो. अमोनिया टेस्ट करा. गप्पी-मॉली दांडग्या असतात, त्या सहन करतात, निऑन मरतात. शिवाय हल्ली बाजारातले निऑन फार्मवर वाढलेले असतात, बऱ्यापैकी जड पाण्यातही सवयीने राहतात, एकदम बदल मात्र त्यांना सोसत नाही. दुकानाच्या पाण्यातून तुमच्या 1300 टीडीएसमध्ये थेट सोडले तर काय होणार.

टाकीचं झाकण काढून वरून छोटा टेबल फॅन मारा, दोन-तीन डिग्री उतरते. पाणी अजून उडेल, म्हणून वरच्या भाऊंनी सांगितलं तसं भर आरओचीच.

रेतीचं: मूठभर कोरडी रेती वाटीत घ्या, वर व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे. तापीकाठच्या गाळात चुनखडीचे खडे असतातच, ते हळूहळू विरघळून जीएच-केएच वाढवत राहतात, मग कितीही आरओ ओता. संगमरवरी खडी, शिंपले, पोवळं ठेवलं असेल तर तेही काढा.

केळीबागवाला

बुडबुडे आले! खूप नाही पण आले. आणि थर्मामीटर आत्ताच पोराच्या हातून मागवून लावला, दुपारी 33. अमोनियाचं किट मागवतो. एक सांगा, बदामाची पानं टाकली तर पीएच खाली येतो असं वाचलंय, आमच्या शाळेच्या पटांगणात झाड आहे, पिशवीभर आणता येतील. आणि नवीन पाण्यात मासे एकदम बदल न जाणवता कसे न्यायचे?

तापीकाठ

पानं खुशाल टाका, गळून वाळलेलीच घ्या, पाणी चहाच्या रंगाचं होईल, माशांना चांगली. पण 16 केएचवर पानांनी पीएच हलणार नाही, ती नंतर केएच 3-4 वर आला की कामाला येतात. पाणी बदलताना आठवड्याला पंधरा-वीस टक्केच बदला आणि ते मिश्रणाचंच घाला, एकदम अर्धी टाकी काढू नका. टीडीएस हळूहळू उतरला पाहिजे.

पाऊस लागला की गच्चीवरचं पाणी धरा, पहिले एक-दोन पाऊस सोडून, गच्ची धुतली गेली की मग. ड्रम भरून ठेवा झाकून. आरओवर पाणी वाया घालवण्यापेक्षा हे केव्हाही बरं, ताईंचं म्हणणं तिथे बरोबर आहे.

डिस्कसवेडा_धुळे

नवीन मासे जळगावहून आणत असाल, तास-दीड तासाचा रस्ता, तर पिशवीतलं पाणी माशासकट बादलीत काढा आणि हवेच्या नळीला गाठ मारून थेंबथेंब टाकीचं पाणी सोडा, तासभर. पण कुरिअरने दिवसभराचा प्रवास करून आलेल्या पिशवीला हे करू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली असतो म्हणून आतला अमोनिया निरुपद्रवी राहतो, पिशवी उघडली, वर तुमचं 8 पीएचचं पाणी पडलं की तोच विषारी होतो. अशा वेळी पिशवीतल्या पाण्याच्या टीडीएसला जुळणारं पाणी आधीच बादलीत करून ठेवायचं आणि जाळीने मासे थेट त्यात.

पण आत्ता घेऊच नका. जूनपर्यंत थांबा, रेती बदला, पाणी उतरवा. उरलेले निऑन आहेत का काही?

केळीबागवाला

दोनच राहिलेत. फॅन लावलाय, रेती रविवारी काढतो. पूर्ण काढताना गप्पी कुठे ठेवू, आणि फिल्टर त्या वेळी चालूच ठेवायचा का, की बंद केला तरी चालेल?

गप्पीगोकुळ

टबमध्ये ठेवा टाकीच्याच पाण्यात, फिल्टरपण त्याच टबला लावा, बंद करू नका, बॅक्टेरिया मरतात. आणि रेती एका दिवशी सगळी नका काढू, निम्मी ह्या रविवारी निम्मी पुढच्या.